कथेतला उंदीर आणि पिंजऱ्यातला उंदीर

आमच्या वाङ्मयात उंदराइतका मोकळा प्रवेश फार थोड्या जनावरांस मिळाला असेल. आणि इतका वावर असूनही ज्याच्याकडे कोणी निरखून पाहिले नाही, असे जनावरही बहुधा हेच. म्हणींत त्यास मांजराची साक्ष मिळते, डोंगर पोखरला की तो निघतो, आणि घंटा कोणी बांधावयाची ह्या सभेत तो गंभीरपणे बसलेला असतो. गजाननाच्या पायाशी तो हात जोडून असतो. प्लेगाच्या आठवणींत तो आढ्यावरून खाली पडून मरतो, आणि त्याबरोबर घर सोडण्याची वेळ येते. सर्वत्र तो दुसऱ्या कशासाठी तरी आलेला असतो: बोधासाठी, विनोदासाठी, पूजेसाठी किंवा भयासाठी. स्वतःच्या अधिकाराने, उंदीर म्हणून, तो क्वचितच येतो.

हा विचार आम्हांस ओझर येथे सुचला. ओझर म्हणताच पुष्कळ वाचकांस अष्टविनायकांतील विघ्नेश्वर आठवेल. पण ते ओझर जुन्नराकडले. आमचे ओझर निफाड तालुक्यातले, बाणगंगेच्या काठचे, द्राक्षमळ्यांचे आणि १९६४ सालापासून विमानांच्या कारखान्याचे. येथील बागाइतदारापाशी उंदराची गोष्ट काढावी तर तो कुरतडलेली ठिबकची नळी दाखवितो आणि विषाच्या गोळ्यांची किंमत सांगतो. ह्याच गावच्या एका सुशिक्षित घरात आम्ही शहरातून विकत आणलेली पांढऱ्या उंदरांची जोडी पाहिली. तांबडे डोळे, गुलाबी शेपटी, आणि पिंजऱ्यात फिरावयास चाक. घरातील मुलास ह्या पाहुण्यांविषयी मराठीत काही वाचावयाचे होते. त्याच्या हाती देण्यासाठी कपाट धुंडाळता पंचतंत्र निघाले, हितोपदेश निघाला, बालकथांच्या चोपड्या निघाल्या. उंदीर पाळावा कसा हे एकातही नव्हते हे ठीकच; परंतु तो पाहावा कसा हेदेखील फारसे नव्हते, आणि टीकाकारास विचार करावयास लावणारी गोष्ट ही दुसरी आहे.

हितोपदेशातील मुनीची कथा सर्वांस ठाऊक आहे. कावळ्याच्या चोचीतून पडलेले उंदराचे पिल्लू मुनीने रानभाताचे कण घालून वाढविले. ते मांजरास भ्याले, म्हणून त्यास मांजर केले. मांजर कुत्र्यास भ्याले, म्हणून कुत्रा. कुत्रा वाघास भ्याला, म्हणून वाघ. लोक म्हणू लागले की हा मूळचा उंदीर; त्या नामुष्कीने चिडून वाघ मुनीवरच उठला, आणि मुनीने त्यास पुन्हा उंदीर करून टाकले. नीचास उच्च पद दिले असता तो धन्याचाच घात करतो, असे तात्पर्य ह्यावरून काढतात. पंचतंत्रातील कथा ह्याहून कोमल आहे. ससाण्याच्या तोंडून सुटलेल्या उंदरीची मुनीने कन्या केली, लाडाने वाढविली, आणि उपवर होताच तिच्यासाठी सूर्य, मेघ, वारा, पर्वत असे एकाहून एक थोर वर पाहिले. तिने सर्वांस नाकारले आणि उंदीर दिसताच ती हर्षित झाली. तात्पर्य असे की जातिस्वभाव सुटत नाही.

रचनेच्या दृष्टीने दोन्ही कथा निर्दोष आहेत. सूर्याहून मेघ, मेघाहून वारा, वाऱ्याहून पर्वत आणि पर्वतासही पोखरणारा उंदीर, ही चढण इतकी सुरेख साधली आहे की वाचणारा शेवटाकडे हसतच पोहोचतो. तथापि ज्या मुनीने पिल्लू वाढविले त्याने त्याच्याविषयी काय पाहिले, ते रात्री कोठे निजे, हाताचा वास त्यास ओळखू येई की नाही, हे कथाकारास सांगावेसे वाटले नाही. त्यास उंदीर नको होता. हीनतेसाठी एक चिन्ह हवे होते. आणि त्या चिन्हाचा भार पुढे उंदरांवर राहिला नाही, माणसांवर पडला. मूळ जात सुटत नाही, आणि वर चढविले तर उलटते, ही दोन तात्पर्ये उंदराच्या तोंडून वदवून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांस पाजली, आणि ती निव्वळ प्राणिकथा आहे असे समजत राहिलो. हे आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

कथाकारांना डोळे नव्हते असे मात्र नव्हे. त्याच पंचतंत्रात हिरण्यकाची आत्मकथा आहे. देवळात राहणारा संन्यासी भिक्षेचे उरलेले अन्न भिक्षापात्रात घालून ते खुंटीला टांगतो. उंदीर उडी मारून तेथवर पोहोचतो. संन्यासी निजतानासुद्धा फुटक्या बांबूने भांडे वाजवीत राहतो, आणि पाहुण्याशी बोलताना त्याचे निम्मे चित्त त्या खुंटीकडे असते. हे लिहिणाऱ्याने अशा खोलीत रात्र काढलेली आहे, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. बिळाची अनेक तोंडे, साठविलेले धान्य, माग काढीत खणणारी माणसे, हे सर्व पाहिलेले आहे. परंतु पुढे लगेच कळते की हिरण्यकाच्या उडीतील बळ बिळाखाली पुरलेल्या धनाचे होते. धन गेले आणि उडी खुंटली. उंदीर जेमतेम दिसू लागतो तोच तो सावकार होतो.

ह्या सर्वांपेक्षा आमच्या आजीबाईंची टोपीवाल्या उंदराची गोष्ट आम्हांस अधिक खरी वाटते. चिंधी सापडलेला उंदीर धोब्याकडे, शिंप्याकडे जाऊन टोपी करवून घेतो आणि राजासमोर जाऊन ढोल बडवितो. ह्या कथेला तात्पर्य नाही, आणि त्यामुळेच तिच्यातील उंदीर जिवंत राहिला आहे. एकाच गोष्टीस चिकटून राहणे, नव्या वस्तूशी नाक खुपसून येणे, मोठ्यासमोर न ढळणे, हा त्या जनावराचा स्वभावच आहे. पंडितांस जे साधले नाही ते माजघरात साधले, असे म्हणणे येथे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मग प्लेग आला, आणि कथेतला उंदीर दारात येऊन पडला. १८९६ साली मुंबईत साथ सुरू झाली; पुढील वर्षी, १० जानेवारी १८९७ रोजी, वाल्डेमार हाफकिन ह्यांनी आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. त्याच मुंबईत ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोगाने उंदराच्या पिसवांचा माग काढला. साथीच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडीत आणि त्यांच्या अंगावर किती पिसवा चढल्या ते मोजीत. काही प्राणी पिसूच्या उडीपलीकडे उंच टांगलेल्या पिंजऱ्यांत ठेवीत, आणि ते वाचत. खुंटीवरचे भिक्षापात्र ज्यास आठवते त्यास हा पिंजराही चटकन कळेल. परंतु आमच्या लेखकांनी प्लेगाविषयी जे लिहिले त्यात क्वारंटाइन आहे, झोपड्या आहेत, रँडचा खून आहे, घराघरांतील शोक आहे, आणि उंदीर फक्त पडण्यापुरता आहे. ते स्वाभाविकच होते. भीतीच्या काळात निरीक्षणाची अपेक्षा कोणी करू नये. खंत इतकीच की भीती ओसरल्यावरही दृष्टी तीच राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेदेखील उंदीर कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत घातला होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली.

उंदराकडे आवडीने पाहणारे लोक दुसरीकडे होते. अठराव्या शतकातील जपानात ओसाका व क्योटो येथील शहरी मंडळींस रंगीत उंदीर पाळण्याचा नाद लागला होता. लहान उंदीर आणि मोठा उंदीर ह्या दोहोंस आपल्याप्रमाणेच त्यांच्या भाषेतही एकच शब्द आहे, नेझुमी. पांढरा नेझुमी हा धनदेवता दाइकोकू ह्याचा दूत. आणि हा दाइकोकू म्हणजे आपला महाकाल, बौद्ध ग्रंथांतून चीनमार्गे तेथे जाऊन हसरा व गुबगुबीत झालेला. म्हणजे देवाचा उंदीर आमच्याकडेही होता आणि त्यांच्याकडेही. फरक असा की त्यांनी त्याची पूजा करून त्यास घरातही आणले, आणि १७७५ व १७८७ साली त्याच्या संगोपनावर दोन पुस्तिका छापल्या. दुसरीचे नाव ‘चिन्‌गान सोदातेगुसा’. ती लहान आहे, सचित्र आहे, आणि कोणत्या रंगाच्या नराशी कोणत्या मादीची जोडी लावली असता कसे पिल्लू मिळेल, हे ती घरगुती भाषेत सांगते. मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ सालचा. त्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षे आधी क्योटोच्या एका हौशी गृहस्थाने आनुवंशाची गोष्ट पाककृतीप्रमाणे लिहून ठेवली होती.

वाङ्मय म्हणून ह्या पुस्तिकेची योग्यता काय? कथा तीत नाही, अलंकार नाहीत. पण एखाद्या वस्तूवर मन जडल्यावाचून येत नाही अशी नेमकी दृष्टी तीत आहे. पांढऱ्या अंगावर उडदाच्या दाण्यांसारखे काळे ठिपके असलेल्या उंदरास जेव्हा त्या लोकांनी ‘कडधान्याचे ठिपके’ अशा अर्थाचे नाव दिले, तेव्हा उंदराकडे प्रथमच कोणी उंदीर म्हणून पाहिले असे आम्हांस वाटते. ह्या ठिपक्यांचे वंशज युरोपात गेले. १९८७ साली डेन्मार्कच्या बाजारातून आणलेल्या अशा उंदरांपासून जपानी शास्त्रज्ञांनी एक वाण सिद्ध केला, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की जगभरच्या प्रयोगशाळांतील जुन्या शुद्ध वाणांच्या गुणसूत्रांत सुमारे एक दशांश भाग ह्या जपानी उंदरांच्या पूर्वजांकडून आलेला आहे.

इंग्लंडातील हौसेचा उगम मात्र ओशाळवाणा आहे. कुत्र्यांपुढे खड्ड्यात उंदीर सोडून पैजा लावण्याचा खेळ लंडनमध्ये चालत असे, आणि त्यासाठी उंदीर पकडणाऱ्यांपैकी जॅक ब्लॅक नावाच्या इसमाने चमत्कारिक रंगाचे उंदीर बाजूस काढून वाढविले व घरंदाज स्त्रियांस विकले. १८९५ साली तेथे नॅशनल माऊस क्लब निघाला. मेरी डग्लस ह्या बाईंच्या आग्रहाने १९०१ साली एल्सबरीच्या प्रदर्शनात मोठ्या उंदरांसही जागा मिळाली. १९२१ साली त्या वारल्या आणि तो नाद बराच मंदावला. १९७६ मध्ये नवी संस्था निघून तो पुन्हा उभा राहिला. प्रदर्शनात उंदरास गुण देतात: रंग किती एकसारखा, कान केवढा, शेपटी कशी निमुळती, परीक्षकाच्या हातावर तो शांत राहतो की नाही.

येथे आमचा आक्षेप आहे, आणि तो मुनीच्या कथेवरील आक्षेपाहून फारसा वेगळा नाही. कथेने उंदराचे तात्पर्य केले. प्रदर्शनाने त्याचा नमुना केला. रंगाचे मोजमाप ठरले की रंगाखालचा जीव दिसेनासा होतो. ज्यांना नाचरे उंदीर म्हणून कौतुकाने पाळीत ते जपानी उंदीर गिरक्या घेत ह्याचे कारण त्यांचा अंतःकर्ण जन्मतःच बिघडलेला असे. ते आनंदाने नाचत नव्हते, त्यांना तोल धरता येत नव्हता. शेपटी हे मोठ्या उंदराचे उष्णता बाहेर टाकण्याचे साधन आहे, आणि तरीही बिनशेपटीचे उंदीर निपजविणारे हौशी आहेत. त्यांच्यापैकी कोणी एखादा एप्रिल नाशिक जिल्ह्यात घालवावा.

असे असूनही हौस पार टाकाऊ ठरत नाही. शाळामास्तरीण असलेल्या ॲबी लॅथ्रोप ह्यांनी अमेरिकेत ग्रॅनबी गावी १९०० च्या सुमारास पाळण्यासाठी म्हणून उंदीर वाढविण्यास आरंभ केला. पुढे शास्त्रज्ञच त्यांचे गिऱ्हाईक झाले. काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसताच त्यांनी नोंदी ठेवल्या, आणि लिओ लोब ह्यांच्यासह स्तनाच्या कर्करोगाच्या आनुवंशाविषयी निबंध लिहिले. आज सर्वांत अधिक वापरला जाणारा काळा वाण त्यांच्याच सत्तावन्न क्रमांकाच्या मादीपासून निघाला. वीस पिढ्या सख्ख्या भावंडांचीच जोडी लावावयाची, म्हणजे वाण शुद्ध झाला असे मानतात. अशा शुद्ध वाणांचे उंदीर परळलाही आले. १९५२ साली निघालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) ह्यांनी उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुढे त्यांना पद्मभूषण मिळाले. प्लेगाचा उंदीर ज्या परळला तपासला गेला, त्याच परळला अर्ध्या शतकानंतर एका मराठी स्त्रीच्या पिंजऱ्यात आणलेला उंदीर रोगाचा वाहक न राहता रोगाचा साक्षी झाला. चांगल्या कादंबरीकारास एवढा विषय पुरेसा आहे.

घरगुती हौसेचे आणखी एक उदाहरण आम्हांस विशेष प्रिय आहे. ऑक्सफर्डच्या हाल्डेन कुटुंबात भाऊ-बहीण गिनीपिग व उंदीर वाढवीत. १९१५ साली जे. बी. एस. हाल्डेन, त्यांची बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट ह्यांच्या नावे उंदरांच्या रंगांवरील निबंध प्रसिद्ध झाला. तोपर्यंत स्प्रंट महायुद्धात पडले होते. भाऊ १९५७ साली भारतात आला आणि १९६४ साली भुवनेश्वरात वारला. बहीण मोठी कादंबरीलेखिका झाली. पिंजऱ्यापाशी बसून नोंदी ठेवण्याची सवय शास्त्राच्याच नव्हे, वाङ्मयाच्याही उपयोगी पडली असावी, असे म्हणावयास आम्हांस मोह होतो.

आता त्या मुनींच्या तात्पर्याकडे वळू. जातिस्वभाव सुटत नाही, असे ते म्हणाले. सैबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे १९७२ पासून रानटी मोठे उंदीर पकडून त्यांचे दोन वंश चालविले गेले: एकात दर पिढीतील सर्वांत शांत तेवढे राखावयाचे, दुसऱ्यात सर्वांत चिडके. काही पिढ्यांतच एका वंशाचे उंदीर आपण होऊन हातावर येऊ लागले, आणि दुसऱ्याच्या पिंजऱ्याजवळ हातमोजा नेला तरी ते अंगावर धावू लागले. म्हणजे स्वभाव सुटतो. पण एका जन्मात सुटत नाही आणि मंत्राने सुटत नाही. जोडी कोण निवडतो ह्यावर ते अवलंबून असते. मुनीची चूक अशी की त्याने एकाच उंदरास वाघ करावयास घेतले, आणि फसताच दोष उंदरास दिला. हितोपदेशाच्या नव्या शालेय आवृत्त्या काढणाऱ्यांनी ही गोष्ट टीपेत घातली तर कथेची गोडी कमी होणार नाही, आणि तिचा डंख मात्र बोथट होईल.

हा नाद आमच्याकडे रुजावा की नाही, ह्याविषयी आम्ही उतावीळ नाही. घुशीशी आणि शेतातल्या उंदराशी वैर करूनच ज्याचे धान्य उरते, त्यास कोणी प्रेमाचे पाठ देऊ नयेत. तथापि उंदीर घरात येऊ लागलाच आहे, तर त्याच्याविषयी मराठीत एखादे चांगले पुस्तक असले पाहिजे, आणि ते कसे नसावे हे वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानी आले असेल. परदेशी पुस्तकांची भाषांतरे आमच्या हवेत फसतात. त्यांत थंडीपासून जपण्याची प्रकरणे असतात. आमच्याकडे पत्र्याखालचा पिंजरा वैशाखात भट्टी होतो, आणि बत्तीस-तेहतीस अंशांपुढे हे प्राणी कासावीस होतात, हे पहिल्या पानावर हवे. लहान उंदरी वीस दिवसांत विते, एका वेतात सहा-आठ पिल्ले देते, आणि विताच त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नर-मादी पाचव्या आठवड्याच्या आत वेगळी न केली तर जोडीचे शंभर व्हावयास वर्ष लागत नाही. लहान जातीचे नर एकत्र ठेविले तर भांडून रक्तबंबाळ होतात, मोठ्या जातीचे बहुधा नांदतात. एकटा ठेवलेला उंदीर खिन्न होतो. मूत्राचा उग्र वास कोंडला तर त्यांच्या श्वसनाचा जुना रोग बळावतो, म्हणून काचेच्या पेटीपेक्षा तारेचा हवेशीर पिंजरा बरा. जंगली उंदराशी त्यांचा संपर्क येऊ देऊ नये. हे सर्व सोप्या, बिनचूक मराठीत लिहिता येईल.

परंतु ह्याहून एक प्रकरण अधिक हवे, आणि ते कोणी लिहावयाचे ह्याची आम्हांस काळजी आहे. उंदरास गुदगुल्या केल्या असता तो मनुष्याच्या कानास न ऐकू येणाऱ्या उंच स्वरात चिवचिवतो, असे याक पँकसेप ह्यांनी दाखवून दिले. त्यास त्यांनी हसणे म्हटले. हा हसणारा प्राणी दोन वर्षे जगतो, फार तर तीन. इयत्ता तिसरीत आणलेला उंदीर पाचवीत मरतो, आणि पुष्कळ घरांत मृत्यूशी मुलाची ती पहिली ओळख असते. तेथे तात्पर्य सांगावयाचे नाही, आणि नवा उंदीर आणू म्हणून समजूतही घालावयाची नाही. हे प्रकरण पशुवैद्याकडे न सोपविता, ज्या कोणास टोपीवाल्या उंदराची गोष्ट अजून नीट सांगता येते, त्याच्याकडून लिहवून घ्यावे.